दाजींच्या पायाखालचा ब्रेक

आमच्या दाजींच्या पायाखाली एक ब्रेक आहे. तो कंपनीनं दिलेला नाही. ते गाडीत ड्रायव्हरशेजारी बसतात आणि समोर लांबवर एखादी शेळी जरी दिसली, तरी उजवा पाय करकचून खाली दाबतात. पायाखाली मॅट असते, मॅटखाली पत्रा असतो, पत्र्याखाली धाराशिव जिल्हा असतो. यातलं काहीच दाबल्यानं थांबत नाही. मग ते माझ्याकडं वळून म्हणतात, "मेहुणे, ब्रेक." नव्या गाडीची त्यांच्या बाजूची मॅट वर्षाच्या आत फाटली. माझ्या बाजूची अजून कोरी आहे. हा माझ्या ड्रायव्हिंगवरचा शेरा आहे, असं दाजी चारचौघांत सांगतात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. सगळी हयात त्यांनी विम्याच्या सर्व्हेअरचं काम केलं. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर कुठं गाडी ठोकली की दाजी डबा घेऊन निघायचे. चेपलेल्या पत्र्याभोवती हात मागं बांधून फिरायचे आणि नुकसान किती, चूक कुणाची, ते ठरवायचे. अशी नोकरी केलेला माणूस गाडीकडं सरळ नजरेनं बघूच शकत नाही. लग्नात आपण सजवलेल्या गाडीत नवरा-नवरी बघतो. दाजी बंपर बघतात आणि म्हणतात, "हा पहिल्या धडकेत जाणार." ही गोष्ट ते नवरदेवाच्या बापाला सांगतात.

गाड्या बघून बघून त्यांनी एक निष्कर्ष काढला होता: यंत्र निर्दोष, माणूस दोषी. म्हणून ते स्वतः गाडी शिकले नाहीत. का, असं विचारलं तर म्हणतात, "म्या पण माणूसच की."

रिटायर झाल्यावर मात्र त्यांनी गाडी घेतली, आणि ती साधी घेतली नाही. समोर काही आलं की आपणच ब्रेक मारणारी आणि रस्त्यावरचा पांढरा पट्टा बघून आपणच सरळ चालणारी घेतली. आता ही गाडी पूर्णपणे आपली आपण चालत नाही, स्टिअरिंगवर एक माणूस नावाला लागतो. नावाला माणूस म्हटल्यावर सगळ्या पाहुण्यांना एकदम माझी आठवण झाली. मी शाळेत भूगोल शिकवतो. रस्ते मला नकाशावर चांगले येतात. प्रत्यक्षात मी एकदा गाडीबरोबर शाळेचं फाटक नेलं आहे.

तेव्हापासून दर रविवारी मी गाडी चालवतो आणि दाजी तिचं माहात्म्य सांगतात. यंत्राला झोप येत नाही. यंत्र गुटखा खात नाही, थुंकायला दार उघडत नाही. यंत्राला मेहुण्याच्या गाडीच्या पुढं जायची हौस नसते. एक ड्रायव्हर पेंगला तर काय काय बुडतं, त्याचा हिशेब ते एसटी स्टँडपासून सुरू करायचे तो तुळजापूरचा घाट उतरला तरी संपायचा नाही. ट्रक जातो, माल जातो. रस्ता तुंबतो, मागं उभ्या गाड्यांचं डिझेल जळतं. दवाखाना, पोलीस, कोर्टाच्या तारखा. कमावता माणूस घरात पडून राहतो, आणि विम्याचा हप्ता वाढतो तो ज्यानं कधी मुंगी चिरडली नाही त्याचाही. "एकाच्या डुलकीला समदा जिल्हा पैसे भरतोय, मेहुणे. माणूस काढा गाडीतनं." मी निघून जायला तयार असतो, पण गाडी चालू असते.

या सगळ्यात गंमत अशी, की दाजींचा एकुलता एक मुलगा सुनील हा ड्रायव्हर आहे. त्याची स्वतःची पिकअप आहे. संध्याकाळी भूमचा खवा भरतो, रात्रभर चालवतो आणि पहाटे हैदराबादला पोचवतो. पोरगं कष्टाळू, तोंडाला दारूचा वास नाही. पण बाप त्याला 'गाडीतला कच्चा पार्ट' म्हणतो, तोंडावर म्हणतो. आक्काची तर वेगळीच तक्रार होती. रात्री-अपरात्री हे अंथरुणात उठून बसतात, गाडी चालवणाऱ्या पोराला फोन लावतात आणि भांडतात. केस का वाढवलेस, मागच्या दिवाळीला मामाला का भेटला नाहीस, तुझ्या धंद्यात दम नाही. तिकडून तोही वरच्या पट्टीत. "सकाळपर्यंत दम निघत न्हाय का ह्या माणसाला?" आक्का मला विचारायची. गाडी चालवताना फोनवर बोलणाऱ्यांना फाशी द्यावी, असं रविवारी म्हणणारा माणूस रोज रात्री पोराला हेच करायला लावतो, म्हणजे याचं डोकं एकदा तपासून घ्यावं, असं माझं मत होतं. पण सर्व्हेअरचा सर्व्हे कोण करणार?

मग सुनीलचं लग्न ठरत आलं. मुलगी उमरग्याजवळच्या गावातली, गौरी. उमरग्यात एका दवाखान्यात नर्स. तिचे वडील गुरप्पाअण्णा यांचं हायवेला टायरचं दुकान. सुनील टायर बदलायला थांबायचा आणि टायर चांगले असतानाही थांबायला लागला, तिथून हे जमलं. अण्णा चार पाहुणे घेऊन धाराशिवला पसंतीच्या बोलण्याला आले. पोहे झाले. अण्णांनी सहज विचारलं, की पोराच्या धंद्याचं कसं काय.

आक्का माझ्याकडं बघू लागली. मी छताकडं बघू लागलो. दाजींनी घसा साफ केला आणि घाट उतरल्यावरही न संपणारा तो हिशेब पाहुण्यांपुढं मांडला. पुढच्या काळात गाड्या आपल्या आपण चालतील, ड्रायव्हर नावाचा माणूस दिसायचा नाही, आणि ते सगळ्यांच्या भल्याचंच आहे.

"मग तुमच्या पोराचा धंदा?" अण्णांनी विचारलं.

"जाणार. जायलाच पायजे."

अण्णांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. बशी अर्धी होती. आमच्याकडं अर्धी बशी ठेवून पाहुणा उठला की पुढं काही विचारायचं नसतं.

सुनीलनं बापाचा नंबर ब्लॉक करून टाकला. घरी यायचा, आईच्या हातचं जेवायचा, निघून जायचा. दाजींनी मात्र त्या दिवसापासून वेगळंच सुरू केलं. हातात सतत फोन. डोळे लाल. रात्रभर अंगणात येरझाऱ्या घालतात, असं आक्कानं सांगितलं. मला वाटलं, अहंकाराला ठेच लागली. रोज शिव्या द्यायला हक्काचं माणूस होतं, ते गेलं.

शेवटी आक्कानं हुकूम काढला. "बापू, ह्यांना घेऊन अण्णांच्या दारात जा. 'चुकलो' म्हणायला लाव. तेवढा एक शब्द. मशीनचं अक्षर काढलं तर घरात घिऊ नगं. पोराचं लगीन ह्या एका शब्दावर अडलंय."

दिवस सोयाबीनच्या काढणीचे होते. नळदुर्गपर्यंत दाजी गप्प होते. पायाखालचा ब्रेक मात्र चालू होता. मध्येच पुटपुटून बघायचे, "अण्णा, माझं चुक... अण्णा, चुकीचं असं, की..." शब्द काही नीट लागत नव्हता. दुसऱ्यांची चूक लिहिण्यात हयात गेलेल्या माणसाला स्वतःची चूक म्हणताना जीभ अडते, हे मी शेजारी बसून बघत होतो आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

हायवे सोडून आम्ही अण्णांच्या गावच्या रस्त्याला लागलो. तिथं अर्ध्या डांबरावर सोयाबीन पसरलेलं होतं. आमच्याकडं काढलेलं पीक रस्त्यावर पसरतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या त्यावरून गेल्या की फुकटात मळणी होते. कडेनं धोंड्यांची ओळ मांडलेली असते, म्हणजे माल कुठवर आहे ते कळावं. आमच्या गाडीनं ती ओळ बघितली आणि तिला तो रस्त्याचा पट्टाच वाटला. धोंड्यांना धरून गाडी इतकी शहाण्यासारखी चालू लागली, की दाजींचा चेहरा फुलला. "बघा मेहुणे. न चुकता."

पुढं एक म्हातारी दाताळ्यानं सोयाबीन खालीवर करत होती. गाडीनं तिला बघितलं, किंचाळली आणि जागच्या जागी थांबली. माझं कपाळ स्टिअरिंगला टेकलं. म्हातारी बाजूला झाली. मी गाडी पुढं घेतली, तर समोरचा ढीग बघून ती पुन्हा थांबली.

म्हातारी खिडकीशी आली. "आवं, थांबलाव कशाला? घाला की त्याच्यावरनं. मळायचंय न्हवं का ते."

दाजींनी काच खाली केली आणि तिला समजावून सांगितलं, की ही गाडी माणसासारखी बेफिकीर नाही, समोर काही दिसलं की ती आपणहून थांबते, तिला सगळं कळतं.

म्हातारीनं गाडी पुढून बघितली, मग आम्हा दोघांना बघितलं. "गाडीला समदं कळतंय, तर तुमा दोगांना कशापायी बसिवलंय आत?"

दाजींनी काच वर केली. मी यंत्राचा कारभार बटण दाबून बंद केला आणि सोयाबीनवरून गाडी घातली. म्हातारी मागून हात करून, अजून एकदा या, असं सांगत होती. दाजींच्या तोंडून 'मेहुणे, ब्रेक' सुद्धा निघालं नाही.

अण्णांनी आम्हाला बसा म्हटलं, पण पाणी जरा उशिरानंच आलं. दाजींनी हात जोडले. शब्द ओठावर आलेला मला दिसत होता. आणि त्यांनी सुरुवात केली, "अण्णा, यंत्राला झोप येत नाही..."

मी डोळे मिटले. आक्काचं दार मला बंद झालेलं दिसू लागलं.

"मशिनीचं ऱ्हाऊ द्या, पाव्हणं," अण्णा म्हणाले. आवाज शांत होता. "सोताच्या पोराचा धंदा वंगाळ हाय, असं बापच म्हणतोय. मग आमी पोरगी कशी द्यायची?"

दाजी हातातल्या फोनकडं बघत म्हणाले, "धंदा वंगाळ न्हाय. तीनच्या सुमाराला डोळा लागतो."

"कुणाचा?"

"कुणाचाबी. म्या जितक्या गाड्या बघितल्या, त्यातल्या लई त्याच टायमाच्या. म्हणून मी फोन करायचो. चुकीचं हाय, मला ठाऊक हाय. गाडीत स्पीकर बसवून दिला होता, पण चूक ती चूकच." ते थांबले. "सुरुवातीला गोड बोलायचो. तर पोरगं 'व्हय बाबा, व्हय बाबा' म्हणायचं आन् पेंगायचं. आवाजावरनं कळायचं. भांडलं की जागं ऱ्हायचं. मग रोज भांडाय लागलो. उमरगा गेलं, जहीराबाद गेलं, उजाडलं की फोन ठेवायचो."

"आता उचलत न्हाय," दाजी म्हणाले. "चुकलो, अण्णा."

शब्द आला. पण त्याच्यासाठी इतक्या लांब आलो होतो, हे मी विसरून गेलो होतो. वर्षभर या माणसाच्या रात्रीच्या भांडणावर मी शाळेच्या स्टाफरूममध्ये नकला करून चहा उकळला होता.

आतल्या दारात गौरी उभी होती. पाण्याचा तांब्या हातात तसाच होता. ती बापाकडं न बघता सरळ दाजींकडं बघून बोलली.

"झोप आली तर भांडून कशाला जागवायचं? झोपायचं. अण्णांच्या दुकानापुढं जागा हाय, गाडी लावायची, दोन तास झोपायचं. माझी रात्रपाळी असते, मी फोन करून उठवीन."

दाजींच्या आतला सर्व्हेअर जागा झाला. "खवा नासंल की, बाळ."

"नासला तर नासू द्या."

जन्मभर नुकसान मोजणाऱ्या माणसाला, हे नुकसान सोडून द्या, असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या इतक्या वर्षांच्या हिशेबात हा रकाना नव्हता, आणि त्या महागड्या गाडीतही त्याचं बटण नव्हतं.

गौरीनं स्वतःच्या फोनवरून नंबर लावला आणि फोन दाजींच्या हातात दिला. मोडलेल्या सोयरिकीतला नंबर पोरीला पाठ कसा, हे कोडं पडून अण्णा छताकडं बघू लागले. मीही सवयीनं तिकडंच बघितलं.

तिकडून सुनीलचा आवाज आला, भलताच मऊ. दाजींनी घसा साफ केला. तो मऊ आवाज एकदम थांबला.

"ऐक," दाजी त्यांच्या नेहमीच्या खेकसण्याच्या सुरात म्हणाले. "खवा नासला तर नासू दे." तिकडून खूप वेळानं "व्हय बाबा" ऐकू आलं, आणि दाजी कान लावून ऐकत राहिले, तो आवाज पेंगुळलेला आहे की कसा, ते ओळखत असावेत.

मग चहा आला. पोहेही आले, आणि अण्णांनी त्यांची बशी संपवली.

परतताना ऊन कललं होतं. म्हातारीचं सोयाबीन अजून रस्त्यावरच होतं. मी न सांगता बटण दाबून यंत्र बंद केलं आणि वरून गाडी घातली. पुढं हायवेला एक उसाचा ट्रॅक्टर मागं न बघता आडवा आला, तेव्हा मी शेजारून 'मेहुणे, ब्रेक' यायची वाट बघितली. आलं नाही. मीच ब्रेक मारला, जरा उशिराच, आणि यंत्र पुन्हा चालू केलं.

दाजी झोपले होते. मान खिडकीला, तोंड थोडं उघडं, फोन मांडीवर पालथा. मी, शाळेचं फाटक नेलेला माणूस, गाडी चालवत होतो, आणि त्यांचा उजवा पाय फाटलेल्या मॅटवर सैल पडला होता.

तेवढ्यात मी पांढऱ्या पट्ट्यावरून जरा घसरलो आणि गाडी किंचाळायला लागली. एका हातानं मी ते बटण शोधलं आणि तिला गप्प केलं. नळदुर्ग आलं, तुळजापूर आलं. एवढ्या हळू मी जन्मात गाडी चालवली नव्हती.