गुपिताला वास फुटला

माझ्या पोटात एकदा गुपित गेलं की ते गेलंच! मांजराच्या पोटातला उंदीर परत येईल एक वेळ, पण माझ्या पोटातली गोष्ट बाहेर यायची नाही. म्हणून तर आमच्या कंपनीत फरशी पुसायच्या औषधासाठी नवा वास तयार झाला, तेव्हा तो घरी नेऊन वापरून बघायला साहेबांनी अख्ख्या कंपनीतून मलाच निवडलं.

कंपनीच्या वकीलबाईंनी माझ्यापुढे कराराची जाडजूड चळत ठेवली.

"यातलं काही बाहेर फुटलं तर नोकरी तर जाईलच, वर कोर्टातही उभं करीन. नीट वाचा."

"वाचायचं काय त्यात, बाई! मी म्हणजे कुलूप!" म्हणत मी धडाधड सह्या ठोकल्या.

बाटलीवर लेबल नव्हतं. गुपितावर नाव कोण घालतं? आत निव्वळ अर्क होता. बादलीभर पाण्यात एखादा थेंब टाकायचा आणि दारं-खिडक्या लावून फरशी पुसायची. दारं-खिडक्या लावायचं कारण आमच्या डोक्यावरच राहत होतं. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ दुसऱ्या कंपनीत विक्री अधिकारी, आणि तीही कंपनी फरशीचंच औषध विकते! घरात आम्ही त्यांना नुसतं 'वरचे' म्हणतो. जिन्यात भेटलो की आम्ही दोघं उकाड्याबद्दल बोलतो. धंद्याबद्दल अवाक्षर नाही.

बाटली मी बाथरूममध्ये बादलीमागे दडवली, बायकोला काय, मुक्कामाला आलेल्या सासूबाईंनाही पत्ता लागू दिला नाही आणि ऐटीत कामावर गेलो.

संध्याकाळी परतलो, तर इमारतीच्या फाटकातच गुपित माझ्या स्वागताला उभं! तोच वास! नाकात शिरून थेट मेंदूला टपल्या मारणारा! मी धावत जिना चढायला गेलो आणि पहिल्याच पायरीवरून सपशेल घसरलो.

"जपून, जावईबापू! ओलं आहे!" वरून सासूबाईंचा आवाज आला. पदर खोचून, हातात पोछा घेऊन त्या विजयी मुद्रेने उभ्या होत्या. "जिना कसा आरशासारखा झालाय, बघा!"

"सासूबाई, ती बादलीमागची बाटली..."

"बेवारशी पडली होती हो. नाव नाही, गाव नाही. म्हटलं, वाया कशाला घालवा? ओतली सगळी!"

सगळी! त्या बाटलीत एक तालुका पुसून निघाला असता!

तेवढ्यात नाकाला रुमाल लावून वरचे खाली आले. "काय हो, हा वास कसला?"

"कसला वास?" माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "मला नाही येत. सर्दी झालीय."

दारातून बायकोने डोकं काढलं. "अहो, काहीतरी भयंकर वास येतोय! गॅसवाल्याला फोन करू का?"

"नको गं! ते माझं... गुडघ्याचं तेल सांडलंय."

"तेल कुठलं, जावईबापू?" सासूबाई म्हणाल्या. "मी तर ती बाटली..."

"सासूबाई!" मी असा किंचाळलो की त्यांच्या हातातला पोछा पडला.

वरच्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ओल्या जिन्याकडे पाहिलं आणि एकदम बोंब ठोकली, "गॅस! गॅस गळतोय! बाहेर पडा सगळे!"

मग काय विचारता! दारं धडाधड उघडली. कोणी साबण लावलेल्या तोंडाने निघालं, कोणी झोपलेलं तान्हं पोर उचलून. तळमजल्यावरच्या आजोबांना तर दोघांनी खुर्चीसकट रस्त्यावर आणून ठेवलं. घंटा वाजवत बंब आला आणि बंबातून उतरलेले अधिकारी थेट माझ्यासमोर उभे राहिले, कारण सासूबाईंचं बोट माझ्याकडे होतं.

"जिन्यात काय सांडलंय?"

"सांगता येत नाही, साहेब."

"म्हणजे माहीत नाही?"

"माहीत आहे. सांगता येत नाही. कायदा आहे."

"मग मी काय बेकायदा आलोय?" अधिकारी कडाडले. "माझी माणसं आत चाललीत! त्यांनी काय समजून आत जायचं? बोला, नाहीतर पोलिसांच्या ताब्यात देतो!"

बोललो तर कोर्ट, न बोललो तर कोठडी! तिकडे आजोबा खुर्चीत खोकत होते, तान्हं पोर टाहो फोडत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी वकीलबाईंना फोन लावला आणि सगळं एका दमात ओकलो.

"अहो, मग सांगा ना त्यांना!" बाई ओरडल्या. "लोकांच्या जिवाचा प्रश्न असेल तर बंबवाल्यांना, डॉक्टरांना सांगायचंच असतं. करारातच तसं लिहिलंय, शेवटच्या पानावर! वाचलं नाहीत ना?"

"वाचलं की... ओझरतं."

"आधी सांगा! आणि फक्त त्यांनाच!"

मी अधिकाऱ्यांच्या कानाशी लागलो आणि कुजबुजलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, माझ्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला आणि गर्दीकडे वळून गर्जना केली, "घरी जा हो सगळे! फरशी पुसायचं औषध आहे! यांच्या कंपनीचा नवा माल!"

वरचे माझ्याकडे टक लावून बघत होते. माझी नोकरी माझ्या डोळ्यांदेखत बंबात बसून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत मी राजीनामा खिशात घालूनच गेलो. वकीलबाई शेजारी बसल्या होत्या.

"लोकांना वास कसा वाटला?" साहेबांनी विचारलं.

"गॅस गळतोय असं वाटलं, साहेब. पण बाटलीभर अर्क ओतला होता, म्हणून..."

"आज सकाळी मी घरी एकच थेंब वापरला," साहेब खोल आवाजात म्हणाले. "बायकोने शेगडी बंद केली आणि मुलांना घेऊन अंगणात गेली. हा माल बाजारात गेला असता तर घरोघरी बंब गेले असते! वाचलो आपण. रद्द!"

"आणि माझं काय?" मी वकीलबाईंकडे पाहिलं.

"मालच रद्द, तर भरपाई कशाची मागू?" त्या म्हणाल्या. "जा, कामाला लागा. आणि पुढच्या वेळी सही करण्याआधी वाचा."

छातीवरचा धोंडा उतरला! मी घरी तरंगतच आलो. जिन्यात वरचे भेटले.

"उकाडा फार आहे," मी म्हणालो.

"फार," ते म्हणाले आणि इकडेतिकडे बघत जवळ सरकले. "एक सांगू? कुठे बोलू नका. हाच वास गेल्या वर्षी आमच्या कंपनीनेही काढला होता! आमच्या साहेबांचं अख्खं घर रिकामं झालं. तेव्हा आमच्या सगळ्यांच्या सह्या घेतल्यात, की याबद्दल ब्र काढायचा नाही. काल मला वाटलं, आमचीच एखादी बाटली फुटली! लोकांना बाहेर तर काढायला हवं, आणि खरं सांगायची परवानगी नाही. म्हणून 'गॅस, गॅस' ओरडलो!"

दोघंही जिन्यात बसून पोट धरून हसलो. निघताना त्यांनी माझा हात धरला. "वर्षभर मनात दाबून होतो. आज हलकं वाटलं. पण तुमच्यापाशीच ठेवा हं!"

मी शब्द दिला आणि तो पाळलाही. साहेबांना बोललो नाही. वकीलबाईंना बोललो नाही. फक्त बायकोला सांगितलं, तेही अगदी हळू आवाजात.

आता दाराआड सासूबाई उभ्या असतील, हे मला काय ठाऊक!