फोर्कलिफ्टची परीक्षा

"मले ट्रेनिंग कायले पायजे? रामाकोना गावच्या चिखलातून ट्रॅक्टर काढला मी! हे फोर्कलिफ्ट म्हणजे दात आलेला ट्रॅक्टरच!"

सौंसरजवळच्या सूतगिरणीत विनायक सगळ्यांना हेच ऐकवत फिरायचा. गिरणीत गाठी उचलायला नवी फोर्कलिफ्ट आली होती. मॅनेजरनं बजावलं होतं, नागपूरचे सर येऊन सुरक्षेचं ट्रेनिंग देतील, पास होईल तोच चालवेल. तोवर किल्लीला हात लावायचा नाही! विनायकला चालकाची ती पक्की नोकरी हवीच होती. वडील गेल्यापासून घर त्याच्यावर होतं आणि धाकट्या बहिणीचं, सुधाचं लग्न दोनदा ठरून मोडलं होतं.

ट्रेनिंगच्या दिवशी सकाळीच सफारीतले एक गृहस्थ आत आले.

"विनायक कोण हाय? त्याचं काम पाहाचं होतं. पाहूनच ठरवीन म्हणतो."

नागपूरचे सर! विनायकनं धावत जाऊन किल्ली आणली.

"मीच तो, सर! या, इथं उभे राहा!"

त्यानं पुढच्या दोन लोखंडी सुळ्यांवर लाकडी फळ्या टाकल्या.

"यावर? पडणार त नाही ना मी?"

"पडता कायले! वरून सारी गिरणी दिसते!"

सुळे उचलायचा दांडा ओढताच गृहस्थ मिरवणुकीतल्या गणपतीसारखे वर गेले. "बस! बस!" ते ओरडले. इंजिनाच्या आवाजात विनायकला ते "शाब्बास" ऐकू आलं! त्यानं जोरात वळण घेतलं.

ट्रॅक्टर पुढच्या चाकांनी वळतो. हे बेणं वळलं मागच्या चाकांनी! त्याचं ढुंगण गर्रकन फिरून कापसाच्या गाठींवर आदळलं. एक गाठ घरंगळत आली ती थेट दांड्यावर. दांडा वाकला, इंजिन बंद! गृहस्थ छताच्या पत्र्याशी, फोर्कलिफ्टच्या लोखंडी खांबाला मिठी मारून "माय वो, माय वो" करत राहिले.

तेवढ्यात मॅनेजर एका चष्मेवाल्याला घेऊन आले. "हे श्रीधर सर, नागपूरचे, ट्रेनिंगवाले."

विनायकनं वर बोट दाखवलं. "मंग वरते कोण हाय?"

"मी पांढुर्ण्याचा रघुनाथराव!" वरून रडका आवाज आला. "पोरासाठी संध्याकाळी तुयी बहीण पाहाले येणार होतो! म्हटलं, आधी भाऊ कसा हाय ते पाहू!"



श्रीधर सरांनी चष्मा पुसला. "सुळ्यांवर माणूस चढवायचा नसतो, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"ट्रेनिंग आज होतं ना, सर..."

त्याच दुपारी विनायकला गाठी वाहायच्या कामावर धाडलं. फोर्कलिफ्टच्या आसपासही फिरकायचं नाही, अशी ताकीद मिळाली.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा सुधा नवी साडी नेसून, पाहुण्यांसाठी पोहे भिजवून बसली होती. त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. ती उठली आणि तिनं पोह्यांवर ताटली झाकली.

"दादा, पाहुण्यायले खाली त नीट उतरवलं ना?"

"शिडी लावली होती वं," विनायक पुटपुटला. "तिची पायरी मोडली."