जांभळेवाडीची गोपनीयता संरक्षण समिती

व्यक्तिस्वातंत्र्य ही फार नाजूक चीज आहे. ती एकट्यादुकट्या माणसाच्या ताब्यात देऊन चालत नाही. चार जबाबदार माणसांनी तिच्यावर सकाळ-संध्याकाळ नजर ठेवली, तर कुठे ती टिकते. हे आम्ही जांभळेवाडीकर (गावात जांभळाचं झाड नाही, दुष्काळी माण तालुक्यात नाव ठेवायला पाणी लागत नाही) कुठल्या पुस्तकातून शिकलो नाही. हंबीररावांच्या एस.टी.डी. बूथबाहेरच्या बाकावर बसून शिकलो.

नव्वद साल उलटलं आणि हंबीरराव लष्करातून सुभेदार होऊन परत आले. त्यांनी देवळासमोर पिवळी पाटी लावली, काचेची केबिन उभी केली आणि ‘हंबीरराव दूरसंचार’ सुरू झालं. गावातले निम्मे कर्ते पुरुष मुंबईला माथाडी कामाला. त्यामुळे एका फोनमागे गावातली निम्मी चूल, निम्मा संसार आणि निम्मी भांडणं आली. एवढी सत्ता आमच्या आमदारांकडेही नव्हती.

आता आमच्याकडे फोनवर बोलायची एक रीत आहे. माणूस जितका लांब, तितका आवाज मोठा. दहिवडीला साध्या आवाजात बोलायचं, साताऱ्याला ओरडून आणि मुंबईला मानेच्या शिरा ताणून. वस्तीवरच्या गुंडाचा थोरला पोरगा जम्मूला पलटणीत होता. गुंडा त्याला फोन लावायचा तेव्हा वस्तीवरची शेरडं उठून उभी राहायची. तारेतून आवाज आपोआप जातो असं सरकार म्हणतं. पण इतक्या लांबच्या कामात सरकारवर किती विसंबायचं?

त्यामुळे केबिनमधलं बोलणं देवळाच्या पायरीपर्यंत ऐकू जाई. दुसरा एखादा माणूस असता तर यावर नुसता हसला असता. हंबीररावांनी त्यातून लोकसेवा उभी केली. बाहेरून आलेला फोन ते फुकट देत. वर देवळाच्या कर्ण्यावरून नावानिशी पुकारा करत, तोही फुकट. फुकट का, असं कुणी विचारलं नाही. फुकट वस्तूला कारण विचारणं आमच्याकडे उद्धटपणाचं समजतात.

सेवा मात्र अचूक होती. कुणी फोनवर ‘गुडघा धरलाय’ म्हणालं की दुसऱ्या दिवशी तेलवाला दारात. ‘म्हशीनं दूध कमी केलंय’ म्हटलं की म्हशींचा दलाल. एखाद्या सुनेनं आईला ‘आंबट खावंसं वाटतंय’ एवढंच सांगितलं, तर संध्याकाळच्या आत कासार हिरव्या बांगड्या घेऊन हजर. सासूला बातमी त्याच्याकडून कळायची. (या सगळ्यांकडून हंबीररावांना काही मिळत असे का? ती बाब गोपनीय आहे.) केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला पाटीही रंगवली होती: ‘आत आलेल्या इसमास सर्व अटी मान्य आहेत असे समजले जाईल.’ अटी त्याखाली होत्या, त्यांच्यावर कॅलेंडर होतं.

असं सगळं सुरळीत चाललं असताना मनुबाईनं घोळ घातला.

मनुबाई म्हणजे माथाडी अर्जुनाची बायको. अर्जुना वर्षातून एकदा, म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला गावी येई. बाकीचा संसार फोनवर. एका रविवारी अर्जुना मुंबईहून, रीतीप्रमाणे पूर्ण आवाजात, म्हणाला, “मनू, तुजी लय आठवन येती गं!” रिसीव्हरमधून ते बाकापर्यंत आलं. त्यात गैर काही नव्हतं, उलट आम्हाला बरं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी मनुबाई पाण्याला निघाली तेव्हा बाकावर कायम मुक्काम असलेले नाथाजी म्हणाले, “काय मनुबाई, लय आठवन येती म्हनं!” तिसऱ्या दिवशीही म्हणाले, चौथ्या दिवशीही म्हणाले. दळणाच्या गिरणीत पोरं म्हणायला लागली. मनुबाई फोनला यायचीच बंद झाली. उन्हाळाभर कर्ण्यावरून पुकारा होत राहिला आणि ती घरात बसून राहिली. अर्जुना तिकडे हॅलो, हॅलो करून थकला.

शेवटी ती भर ग्रामसभेत उभी राहिली. “आवं आप्पासाहेब,” ती सरपंचांना म्हणाली, “मला माज्या नवऱ्यासंगं येकदा तरी दोघांतच बोलायचं हाय. मनातलं हाय. ते काय चावडीवरचं न्हवं.”

सभा गंभीर झाली. गावात लगेच तीन मतं पडली.

पहिलं मत लालासाहेबांचं, जे कंपनीच्या, म्हणजे हंबीररावांच्या बाजूचे होते. (त्यांच्या मुलीचं लग्न हंबीररावांनी ऐकलेल्या माहितीवरूनच जमलं होतं.) “ज्येच्या मनात काळंबेरं न्हाई, त्येनं कशाला भ्यायचं?” ते म्हणाले. “आन् पटत न्हाई तर फोन करू नये. हंबीररावानं कुनाला वडून न्हेलंय?”

दुसरं मत आप्पासाहेबांचं. “आसल्या मोठ्या कंपन्यांवर सरकारचा वचक पायजे,” ते म्हणाले. सरकार म्हणजे कोण, हे त्यांनी फेट्याला हात लावून सूचित केलं.

तिसरं मत नाथाजींचं, आणि ते सर्वांत थोर होतं. “बोलनाऱ्याला सौतंत्र्य हाय, मग ऐकनाऱ्याला न्हाई व्हय?” ते म्हणाले. “माजा कान माज्या मालकीचा हाय. त्येला कुटं जायाचं आन् कुटं न्हाई, ह्ये तुमी कोन सांगनार?”

तिन्ही मतांचा मान राखून ‘दूरध्वनी गोपनीयता संरक्षण समिती’ नेमण्यात आली. अध्यक्ष आप्पासाहेब, सदस्य लालासाहेब आणि नाथाजी, सचिव मी. हंबीररावांना खास निमंत्रित म्हणून घेतलं, कारण ऐकण्याचा अनुभव त्यांनाच जास्त.

समितीनं प्रथम पाहणी केली. गावातल्या शंभरातल्या ब्याण्णवांना आपलं बोलणं कुणी ऐकू नये असं वाटत होतं आणि अठ्ठ्याण्णवांना दुसऱ्याचं ऐकू यावं असं वाटत होतं. (उरलेल्या दोघांना प्रश्न ऐकू आला नाही.) मग नियम केले. फोन चालू असताना हंबीररावांनी कानात कापूस घालावा. त्यांनी तो घातला आहे की नाही हे पाहायला समितीनं केबिनशेजारी बसावं. आतलं बोलणं गोपनीय आहे की साधं, हे ऐकल्याशिवाय ठरवता येत नसल्यानं समितीनं ते ऐकावं. बाक केबिनला आणखी चिकटवण्यात आला. नाथाजींना एका कानानं कमी ऐकू येई, म्हणून त्यांना आतल्या बाजूची, काचेलगतची जागा.

काम इतकं चोख झालं की पहिल्याच महिन्याचा अहवाल ग्रामसभेत कर्ण्यावरून वाचला. गावातल्या कुठल्या कुठल्या गुप्त गोष्टी फुटता फुटता वाचल्या, त्या सविस्तर, नावांसकट सांगितल्या. म्हणजे पुढे त्या कुणी कुणाला सांगू नयेत. अहवालाला कधी नव्हे ती वस्त्यांवरचीही माणसं आली. कासार तर पुढे बसला होता.

मनुबाईसाठी आम्ही खास सोय काढली. आप्पासाहेब तिला प्रेमानं म्हणाले, “पोरी, तुला काय बोलायचं हाय ते आदी समितीला सांगून ठेव. म्हंजे नेमकं तेवढंच आमी ऐकनार न्हाई.”

“आवं, तेच तर कुनाला सांगायचं न्हाई!”

“मग काय ऐकायचं न्हाई, ह्ये आमाला कळायचं कसं?”

ती पदर सावरून उठली. तिचे डोळे भरून आले होते आणि मला क्षणभर फार वाईट वाटलं. पण सचिवाला वाईट वाटण्याची तरतूद नियमांत नव्हती.

पुढच्या रविवारी कर्ण्यावरून पुकारा झाला आणि मनुबाई आली. समिती जागेवर होती. समितीच्या मदतीला आणखी बरीच मंडळी स्वखुशीनं आली होती. हंबीररावांनी कापूस दाखवून कानात घातला (एका). तिनं दार लावलं, रिसीव्हर उचलला, तोंड भिंतीकडे केलं.

आणि काही ऐकू आलं नाही.

आम्हाला वाटलं, लाइन गेली. पण तिचे ओठ हलत होते. बाई हळू बोलत होती! मुंबईला, हळू!

“आवं मनुबाई,” नाथाजींनी काचेवर टकटक केलं, “मोठ्यानं बोला की! त्येला काय ऐकू जायाचं?”

तिनं मागं बघितलं नाही. पलीकडून अर्जुनाचा आवाज आधी मोठा आला, मग तोही खाली उतरला, मग बंदच झाला. म्हणजे आमच्यापुरता. ती बोलत होती, ऐकत होती, मध्येच हसली, एकदा पदरानं डोळे पुसले, परत हसली. हंबीररावांनी कानातला कापूस काढला. नाथाजींनी कान काचेला लावला, लालासाहेबांनी नाथाजींना. काही उपयोग झाला नाही. मग ती बाहेर आली, आमच्या सगळ्यांकडे एकेक करून बघितलं आणि मान ताठ ठेवून घराकडे गेली. इतक्या मोकळ्या चालीनं चालताना तिला आम्ही कधी बघितलं नव्हतं.

समितीची तातडीची बैठक तिथेच झाली. लालासाहेब म्हणाले, हा कंपनीच्या अटींचा भंग आहे. आप्पासाहेब म्हणाले, हा सरकारच्या अधिकाराला धक्का आहे. नाथाजी काचेला लावलेला कान चोळत बसले. त्यांच्या कानाच्या स्वातंत्र्याचा असा उघड उघड खून कुणी केला नव्हता. पहिल्यांदाच तिन्ही मतं एक झाली आणि ठराव एकमतानं झाला: बूथमध्ये हळू आवाजात बोलण्यास सक्त मनाई. कारण गोपनीय बोलणंच ऐकू आलं नाही, तर समितीनं संरक्षण कशाचं करायचं?

ठरावाची अंमलबजावणी जोरात चालली आहे. मनुबाई दर रविवारी येते, दर रविवारी तो मोडते आणि समिती दर रविवारी तिला ताकीद देते. ती काय बोलली याबद्दल गावात नाना तर्क आहेत: कुणी म्हणतं मुंबईला खोली बघायला सांगितली, कुणी म्हणतं सासूचं गाऱ्हाणं, कासाराचं मत वेगळं आहे.

तुम्हीही गेली दोन पानं मान पुढे काढून वाचताय, ते व्यक्तिस्वातंत्र्याच्या काळजीनं नव्हे, हे मला इथून दिसतंय. ती बाई काय बोलली हेच हवंय ना? लाजू नका. समितीत यायला अर्ज लागत नाही, पात्रता आम्ही पाहिली. नाथाजी, जरा सरका. पाहुण्यांना काचेजवळ बसू द्या.