खाजवू नका, बोला

वानखेडे मॅडम माणसाच्या तोंडाकडे पाहत नाहीत, कातडीकडे पाहतात. नागपुरात बेसाच्या आमच्या स्कीममध्ये, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत, त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि आम्ही दुसऱ्या. इतक्या वर्षांच्या शेजारानंतरही बाजारात भेटलो तर त्या मला ओळखतीलच असं नाही. पण भाजीच्या पिशवीखालून माझं कोपर दिसलं की लगेच थांबतात. "काय देशकर, तेल लावत नाही ना अजून?"

स्कीममधल्या इंगळ्यांच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा जोडा कसा शोभून दिसतो हेच सगळे बोलत होते. मॅडम स्टेजवर जाऊन आशीर्वाद देऊन आल्या आणि माझ्या बायकोच्या कानाशी लागल्या. "नवरदेवाच्या मानेवर गजकर्ण आहे. दोघांनाही औषध लागणार." आणि खरंच, हनिमूनहून परतलेलं ते जोडपं देवदर्शनाआधी मॅडमच्या दवाखान्यात जाऊन बसलं.

मॅडम त्वचारोगाच्या डॉक्टर. धंतोलीतल्या एका मोठ्या इस्पितळात त्यांचा विभाग होता. वय साठीच्या आसपास, लग्न केलेलं नाही, घरात दुसरं माणूस नाही. एरवी बोलणं पुस्तकी, पण राग आला की थेट त्यांच्या गावची, उमरेडची बोली.

माझी आणि त्यांची खरी ओळख झाली लिफ्टमध्ये. त्या उन्हाळ्यात माझ्या कमरेला भयंकर खाज सुटायची. दार बंद झालं, मी हळूच पट्ट्याखाली बोट सरकवलं, तोच मागून आवाज आला.

"खाजवू नका, बोला!"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दवाखान्यात दिवसभर तेच चालतं.

"शर्ट वर करा."

मी केला. मॅडम चष्मा सरसावून वाकल्या. तेवढ्यात लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली, दार उघडलं आणि समोर माझी बायको उभी. मॅडमनी मान वळवून तिला एवढंच विचारलं, "तुम्हालाही आहे का?"

आहे, असं ती कुजबुजली.

मेडिकलवाल्याने दिलेली एक ट्यूब आम्ही दोघं लावत होतो. मॅडमनी ती मागवून घेतली, वाचली आणि त्यांची बोली बदलली. "याच्यात स्टिरॉइड आहे गा! खाज म्हणजे घरचा चौकीदार. तुम्ही चौकीदाराले झोपवलं, अन् चोर आत बसून जेवून राह्यला!"

त्या सुमारास इस्पितळात त्यांचा एक अभ्यास सुरू होता. साध्या गोळीने पूर्वी बरं होणारं गजकर्ण आता बरं होईना, म्हणून त्यांनी रोग्यांचे दोन गट केले होते. एका गटाला गोळी नेहमीइतके दिवस, दुसऱ्याला त्याच्या दुप्पट. कोण कुठल्या गटात, ते बंद पाकिटातून निघायचं. बाहेरची कुठलीही ट्यूब लावायची नाही आणि गोळी चुकवायची नाही, ही अट. जो चुकवेल तो अभ्यासातून बाहेर, मग तो रडो की पाया पडो. बायको साध्या उपचारावर राहिली, मी अभ्यासात गेलो. मॅडमनी माझी कातडी खरवडून काचेवर घेतली आणि मला सूक्ष्मदर्शकातून बारीक, फांद्या फुटलेले धागे दाखवले. "हा तुमचा भाडेकरू. भाडं देत नाही, खोल्या मात्र वाढवतो."

माझा भाडेकरू निघून गेला. इतरांचे जाईनात. लोक गोळी घेत आणि घरी जाऊन गुपचूप ट्यूब लावत. मॅडमना ते कातडी पाहताच कळायचं. "ट्यूब दाखवा," त्या म्हणायच्या आणि रोगी लहान मुलासारखा खिशातून ट्यूब काढून द्यायचा. टेबलाच्या खणात ट्यूबांचा ढीग झाला आणि अभ्यासातली माणसं ओसरत गेली.

शेवटच्या तपासणीसाठी मी गेलो, तेव्हा पडद्याआड एक तरुण मुलगी होती. उमरेडकडची होती, नर्सिंगला शिकत होती. तिचा आवाज मला बाहेर स्पष्ट ऐकू येत होता.

"हे पट्टे जातील नं मॅडम?"

"गजकर्ण जाईल. कातडी ट्यूबनं पातळ होऊन फाटली आहे. पट्टे राहतील."

मग मॅडमनी विचारलं, "कोणी दिली ट्यूब?"

"तुमच्याच भावानं. दुकानात तुमचा फोटो आहे नं. ते सगळ्यायले सांगतात, माझी ताई नागपूरले स्किनची मोठी डॉक्टर आहे. म्हणून तर आम्ही भरवशानं लावली."

मॅडम बाहेर आल्या. माझी तपासणी करायची त्या विसरून गेल्या. "देशकर, रविवारी तुमची गाडी मोकळी आहे का?" एवढंच म्हणाल्या.

उमरेडला मॅडमच्या धाकट्या भावाचं, बंडूभाऊंचं, औषधांचं दुकान, मागे घर. वडील अचानक गेले तेव्हा बंडूभाऊंनी कॉलेज सोडलं आणि गल्ल्यावर बसले. ताई मात्र शिकत राहिली. बायको वारल्यापासून तेही एकटेच. काउंटरच्या वर आईवडिलांच्या फोटोंच्या मधोमध मॅडमचा पांढऱ्या कोटातला फोटो होता. त्याला हार नव्हता, एवढाच काय तो फरक.

"ताई! आज रस्ता कसा काय चुकली वं?"

"बंडू, ह्या ट्यूबा विकणं बंद कर. एका पोरीची कातडी कायमची गेली."

बंडूभाऊंचा चेहरा उतरला. पण ते म्हणाले, "मी नाही देल्ली तर समोरचा देते, ताई. खाज कोणाले सहन होते? तुयाकडे यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. अन् पुढं महिना महिना गोळ्या!"

मॅडम म्हणाल्या, "निदान तो फोटो काढ."

"फोटो?" बंडूभाऊंनी वर पाहिलं. "फोटोनं काय केलं?"

मॅडम फोटोकडे पाहत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "दुकानात असतील तेवढ्या सगळ्या ट्यूबा काढ. मी विकत घेते."

बंडूभाऊंना वाटलं, ताई पेशंटसाठी नेते आहे. त्यांनी आनंदाने खोकं भरून दिलं. खोकं पुढे सरकवताना त्यांची बाही वर गेली आणि मॅडमनी त्यांचं मनगट धरलं. तिथे मोठं, लाल कडं उमटलं होतं आणि मधली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी चमकत होती.

"तूही हेच लावते?"

"मंग? लोकायले एक देऊ अन् मी दुसरं लावू? तसा धंदा नाही आपला."

मॅडमनी हात सोडला नाही. बंडूभाऊ आधी हसले, मग त्यांचे डोळे भरून आले. "किती वर्षानं हात धरला वं ताई," ते म्हणाले. त्या हाताची तपासणी चालली आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

खोकं मॅडमनी इस्पितळाच्या कचऱ्यात जाळायला दिलं. पुढच्या रविवारी गेलो तर दुकानात दोन नवी खोकी. "मोठी डॉक्टर स्वतः नेते म्हटल्यावर मागणीच वाढली नं, ताई!" बंडूभाऊ सांगत होते.

पावसाळ्याच्या शेवटी अभ्यास बंद झाला. तुलना करावी इतकी माणसं दोन्ही गटांत उरली नव्हती. "काहीच सिद्ध झालं नाही, देशकर," मॅडम जिन्यात म्हणाल्या. "लोकांना खाजतं, एवढं कळलं. ते आधीही माहीत होतं."

रविवारचं जाणं मात्र थांबलं नाही. मॅडम बंडूभाऊंना आठवड्याच्या गोळ्या देतात, मनगट खरवडून काच घेऊन येतात. कडं आता दंडापर्यंत चढलं आहे. गेल्या खेपेला मॅडम आत हात धुवायला गेल्या, तेव्हा बंडूभाऊ काउंटरवरून माझ्याकडे वाकले.

"भाऊ, ताईले सांगू नका. मी गोळ्या घेतच नाही."

"काहून?"

"बरा झालो तर कायले येईन ती? आधी वर्षवर्ष येत नव्हती." आणि ते घाईघाईने गिऱ्हाइकाकडे वळले.

परतताना मला राहवेना. "मॅडम, बंडूभाऊ त्या गोळ्या..."

"घेत नाही," मॅडम म्हणाल्या. "पहिल्याच काचेवर दिसलं मला."

अशा रोग्यांना त्यांनी दारातून परत पाठवलेलं मी पाहिलं होतं. रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची रांग लागली होती आणि गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मॅडम काच मांडीवर धरून बसल्या होत्या.

"पुढच्या रविवारी जरा लवकर निघू," त्या म्हणाल्या. "तो माझ्यासाठी जेवायचा थांबतो."