शेखांचा इलाज

हौसाबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय लुळा पडला. "रोज चालवा, नाहीतर कायमच्या खाटेला खिळतील," असं डॉक्टरांनी बजावलं. पण हौसाबाई चालतील तर शपथ! "पाय माजा हाय, मी बगीन," म्हणत त्या कूस बदलायच्या. त्यांचा मुलगा दौलत एरवी एका आरोळीत वळ गावच्या गोदामावरचे ट्रक मागे घ्यायला लावी, पण आईपुढे त्याचं मांजर होई.

शेवटी त्याने लेकीला, रुचिकाला, कॉम्प्युटरपुढे बसवलं. तिला ऑर्कुटवर एक अरबी ग्रुप सापडला. खाटेवर म्हातारी, उशाशी मुलगा असा फोटो आणि खाली भलं मोठं लिखाण.

"पप्पा, एक अक्षर कळत नाही."

"शेख लोकांकडं पैसा हाय, तं इलाज पन भारीच आसल. काड छापून!"

गल्लीच्या टोकाला, रोज कुराण वाचणाऱ्या कादरचाचांचे कापड विणायचे लूम होते. चाचांनी चष्मा चढवला. "पढ तो लूंगा दौलतभाई, लेकिन मतलब..."

"मतलब बाद में चाचा, पहले पढो!"

चाचांना शिफ्ट सोडून येता येईना, म्हणून 'शेखांचा इलाज' म्हटल्यावर उठून बसलेल्या आईलाच दौलतने धरून तिथे नेलं. चाचा असे गोड वाचत, की हौसाबाईंचे डोळे मिटले. "पायात कायतरी उतरतंय रं," त्या म्हणाल्या. मग काय, रोजचीच वारी. आधी लेकाचा खांदा, मग काठी, मग नुसती भिंत. शेजारच्या गुणाबाईही गुडघे घेऊन येऊ लागल्या. एके दिवशी हौसाबाईंनी जाहीर केलं, "उद्यापास्नं डाक्टरच्या गोळ्या बंद!"

नेमका तेव्हाच चाचांचा जावई जेद्द्याहून सुट्टीवर आला होता. तिकडे अरबांकडे कामाला असल्याने त्याला अरबी समजे. त्याने कागद वाचला आणि त्याचा चेहरा उतरला.

"इलाज किसने बोला? ये लडका तो पूछ रहा है. मेरी मां को लकवा हुआ, बिस्तर से उठती नहीं, किसी को मालूम हो तो बताओ!"

दौलत मटकन खाली बसला. चाचांनी चष्मा काढला. "मैं पहले दिन से बोल रहा था," ते पुटपुटले.

हौसाबाई स्वतःच्या पायाकडे बघत राहिल्या.

"त्या पोराला कुनी कायच सांगितलं न्हाय?"

"नहीं अम्मा," जावई म्हणाला.

"मंग तू लिव. इलाज घरात ठिवू नको म्हनावं. गल्लीच्या टोकाला ठेव, आन आयेला रोज तितं ने. दौलत, माज्या गोळ्या आन."

जावयाने रुचिकाच्या कॉम्प्युटरवरून ते तसंच अरबीत लिहून पाठवलं आणि सुट्टी संपल्यावर तो परत गेला. त्यानंतर उत्तर आलं. अरबीतच.

छापलेला कागद दिसताच हौसाबाईंनी चपला घातल्या. चाचांनी नेहमीसारखंच गोड वाचलं.

"मतलब नहीं मालूम, अम्मा."

"मला मालूम हाय," हौसाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "चालली ती."