मार्शासाठी मी धरलेली जागा

मला वाटलं होतं, अमेरिकन सैनिकांच्या बायकामुलांना नाताळात घरी जायचं झालं की दारात जीप येते, कुणीतरी सलाम ठोकून सामान उचलतं आणि विमानात खुर्च्या नावानिशी तयार असतात. पुण्याच्या होस्टेलात राहून मी महासत्तांविरुद्ध चार वादविवाद स्पर्धा गाजवल्या होत्या (एकीत नुसतं उत्तेजनार्थ, पण तिथले परीक्षक झोपले होते). शिक्षण संपवून बहारीनला आईबाबांकडे परतले, माहूज भागातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या मार्शाला सोबत म्हणून लष्करी विमानांच्या हॉलमध्ये गेले, आणि बघते तर काय, एसटी स्टँड!

बॅगांवर बसलेल्या बायका, बॅगांखाली झोपलेली मुलं. माल घेऊन निघालेल्या विमानात जागा उरली, तर ती यांना फुकट. उरली तर! नाहीतर पुन्हा उद्या. एका अधिकाऱ्याची बायको मेकॅनिकच्या बायकोचं बाळ मांडीवर घेऊन जोजवत होती. कुरकुर कुणाचीच नाही. माझी सगळी भाषणं घशातच अडकली.

मार्शाचा नवरा अमेरिकन नौदलाच्या बोटीवर. ती केटी आणि ट्रॅव्हिसला घेऊन तिसऱ्या दिवशी इथे ताटकळत होती. तिचे वडील मार्चमध्ये गेले, आणि आईचा हा पहिलाच एकटीचा नाताळ. "ती झाड सजवणार नाही म्हणते," मार्शा म्हणाली. "आम्ही पोचलो तर सजवेल."

हे ऐकून माझ्यातली समाजसेविका खडबडून जागी झाली.

"तू मुलांना घेऊन घरी जा. बाबा गाडी घेऊन आलेत, आईनं वरणभात केलाय. जेवा, जरा पडा. नावं पुकारायचा रोल कॉल चारला आहे ना? तोवर मी जागा धरते."

"आम्हाला स्वतः इथे असायला लागतं, इरावती."

"अगं, आमच्याकडे एक रुमाल टाकला की अख्ख्या कुटुंबाची जागा राहते!"

तीन दिवस सँडविचवर काढलेल्या ट्रॅव्हिसनं 'वरणभात' म्हणजे काय ते विचारलं नाही. तो थेट बाबांच्या गाडीत जाऊन बसला. मार्शानं मला बाळाला घेऊन ताटकळत बसलेल्या शेरिल नावाच्या मैत्रिणीच्या हवाली केलं आणि साडेतीनला परत येते असं सांगून गेली.

मी लगेच तीन खुर्च्यांवर ओढणी पसरली, वर रुमाल ठेवला आणि राखण करत बसले.

तीन वाजता हातात यादी घेऊन एक सार्जंट आला. जर्मनीमार्गे जाणारं विमान लवकर निघतंय, रोल कॉल आत्ताच. मी फोनकडे धावले. घरी आईनं उचलला.

"आई, त्यांना ताबडतोब पाठव!"

"ताबडतोब कसं? पोरगं आत्ता कुठे दुसऱ्यांदा भात घेतंय. उपाशी उठवू का?"

"आई, यल्ला! चल, लवकर!"

"तुझे बाबा निघालेत गं, चप्पल शोधतायत."

वीसेक मिनिटं बाकीची नावं झाली आणि मार्शाचं नाव पुकारलं. 'तीन जण.' होस्टेलात मैत्रिणींच्या हजेऱ्या लावून तयार झालेला माझा गळा आपोआप ओरडला, "प्रेझेंट!"

सार्जंटनं माझ्या पंजाबी ड्रेसकडे पाहिलं. "मुलं कुठे आहेत, मॅम?"

मी ओढणीकडे बोट दाखवलं. "लहान आहेत," असंही म्हणाले. (का म्हणाले, ते मला अजून कळलेलं नाही.)

"आणि हे?"

"रुमाल. जागा धरलीय."

"मॅम," तो अत्यंत अदबीनं म्हणाला, "आम्ही रुमाल नेत नाही."

त्यानं मार्शाचं नाव आणखी दोनदा पुकारलं, दाराकडे पाहत, मुद्दाम रेंगाळत. मग खलास. जागा शेरिलला मिळाली. ती बाळाला घेऊन उठली, पण तिचे पाय निघेनात.

त्याच क्षणी मार्शा धावत आत आली. मागे केटी, आणि हनुवटीवर वरण घेऊन ट्रॅव्हिस. मार्शाला एका नजरेत सगळं कळलं. मी डोळे मिटून घेतले.

"जा ना, शेरिल! उभी काय राहिलीस?" मार्शा म्हणत होती. तिनं शेरिलची बॅग स्वतः उचलून दारापर्यंत नेली, बाळाचा पापा घेतला. परत आली तेव्हा डोळे लाल होते, पण मला म्हणाली, "तुझ्या आईच्या हाताला काय चव आहे गं!"

मला भोकाड पसरून रडायचं होतं. पण जिचा नाताळ बुडत होता, तीच माझी पाठ थोपटत होती.

रात्री तिघं आमच्याकडेच जेवली. बाबांनी मीठ मागितलं आणि पुढे म्हणाले, "इरा, तू नको देऊस. आईला देऊ दे. तुझ्या हातून जर्मनीला जायचं."

सकाळी मार्शाला विमानांच्या हॉलमधून फोन आला, आणखी एक विमान आहे, दहाला रोल कॉल. घरात धावपळ उडाली. आईनं डबा भरला, बाबांनी बॅगा खाली नेल्या. मार्शा दारात थबकली. तिला मला काहीतरी सांगायचं होतं, पण माझं मन दुखवायचं नव्हतं. मी जगाचं भलं करायला निघालेली मुलगी. क्षणभर विचार केला आणि निर्णय घेतला. "मी येत नाही. घरीच थांबते."

मार्शानं मला घट्ट मिठी मारली. आई "शहाणी गं माझी बाई!" म्हणाली. ट्रॅव्हिसनं तर टाळ्याच वाजवल्या.

दुपारी बाबांचा फोन आला, तिघांनाही जागा मिळाली. माझ्या समाजसेवेला आलेलं ते पहिलं यश.