पिवळ्याला मत

कला लोकांपर्यंत पोचली पाहिजे, याबद्दल कोणत्याही सभ्य माणसाचं दुमत नाही. लोकांना कलेपर्यंत पोचायला मात्र बस करावी लागते. एरंडोल तालुक्यातले माजी सरपंच भाईदास नाना यांनी ती केली. त्यांच्या हातून कलेची जी सेवा घडली, तिची म्हणावी तशी दखल अजून कोणी घेतलेली नाही.

नानांची मुलगी भाविका मुंबईत चित्रकला शिकली. पुढेही तिथेच राहून चित्रं काढायची, असं तिचं म्हणणं. परत येऊन शाळेत ड्रॉइंग शिकवायचं, असं नानांचं. (नाना शाळेच्या संचालक मंडळावर असल्यामुळे जागा रिकामी होती, किंवा होणार होती.) शेवटी तडजोड झाली. मुंबईच्या एका कलादालनात नवोदितांचं प्रदर्शन भरणार होतं, त्यात भाविकाचं एक चित्र लागणार होतं. दाराशी पेटी ठेवून प्रेक्षकांची मतं घेणार होते. चित्र पहिलं आलं तर भाविका मुंबईत राहणार, नाही आलं तर सामान बांधणार.

पोरगी परत यावी, असं नानांना अगदी मनापासून वाटत होतं. पण 'पेटी' हा शब्द कानावर पडला आणि त्यांचा नाइलाज झाला. तीन निवडणुका जिंकलेल्या माणसाला पेटी दिसली की स्वतःच्या फायद्याचा विचार करता येत नाही.

बसमध्ये भाऊबंद, सोयरे आणि मागच्या वेळी विरोधात गेलेले पण आता पश्चात्ताप झालेले असे एकूण अठ्ठेचाळीस रसिक होते. नानांच्या पत्नी कुंदाबाई यांनी भरीत आणि कळण्याच्या भाकरी बांधून घेतल्या होत्या. कसारा येईपर्यंत ज्ञानेश्वर मास्तरांनी सगळ्यांना चित्र पाहण्याचं प्रशिक्षण दिलं. दाराशी चपला काढायच्या नाहीत. चित्राला हात जोडायचे नाहीत. हात पाठीमागे बांधून दोन पावलं मागे जायचं, एक पुढे यायचं आणि "हं" म्हणायचं. कोणी "कसं वाटलं?" असं विचारलंच तर "विचार करायला लावतं" एवढंच सांगायचं. (हे उत्तर कुठल्याही चित्राला चालतं, असं मास्तरांनी खात्रीपूर्वक सांगितलं.)

मग नानांनी मोबाइलवर भाविकाचं चित्र सगळ्यांना दाखवलं. भलंमोठं पिवळं होतं आणि मध्ये थोडं काळं.

"बठ्ठास्नी या पिवळाले मत देवानं शे," नाना म्हणाले. "इकडं तिकडं देखानं नही."

"पन नाना, हाई शे तरी काय?" भटू आबांनी विचारलं.

"आपली पोर शे. आजून काय जोयजे?"

एवढ्या स्पष्ट समीक्षेनंतर प्रश्न उरला नाही.

कलादालनात शहरातले रसिक होते. शहरी रसिक एका चित्राला सरासरी आठ सेकंद देतो. त्यातले पाच चित्राखालची पाटी वाचण्यात जातात, दोन त्याच्यासोबत फोटो काढण्यात आणि उरलेला एक सेकंद कलेला मिळतो. एरंडोलच्या मंडळींना हे तंत्र अवगत नव्हतं. बस संध्याकाळी सुटणार होती आणि बाहेर ऊन होतं. करण्यासारखं दुसरं काही नसल्यामुळे मंडळी चित्रं पाहू लागली. दालनाच्या इतिहासात असा प्रकार पूर्वी घडला नसावा, कारण रखवालदार दोनदा येऊन काही हवंय का विचारून गेला.

जिन्याखालच्या कोपऱ्यात जीनत नावाच्या कुणा मुलीचं वहीएवढं चित्र लावलेलं होतं. तिच्याकडून एकही माणूस आलेला नव्हता. चित्रात एक म्हातारा ओट्यावर बसून सेफ्टी पिनने तळपायातला काटा काढत होता. भटू आबा तिथे थांबले ते हललेच नाहीत.

"हळू, भो, हळू," ते चित्राला म्हणाले.

बघता बघता तिथे गर्दी झाली. प्रशिक्षण सगळे विसरले. कोणी मागे गेलं नाही, कोणी "हं" म्हणालं नाही. एकजण तर खाली बसून स्वतःचा तळपाय तपासू लागला. गर्दी पांगवायला म्हणून नाना पुढे झाले, आणि चित्राकडे नजर जाताच त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवरून उचलला गेला.

निकाल परतीच्या वाटेवर नाशिकजवळ कळला. जीनतचं चित्र पहिलं. भाविकाच्या पिवळ्याला दोन मतं.

बसमध्ये एकेकाने शपथ घेतली, "कानबाईनी आन, मी पिवळालेच दिधं." अशा चाळीसएक शपथा झाल्या. दोन मतांपैकी एक कुंदाबाईंचं होतं. त्यांनी एकही चित्र पाहिलं नव्हतं, त्या दिवसभर पोरीकडेच बघत होत्या. दुसरं ड्रायव्हर नीलेशचं. तो नुसता पेटीपर्यंत जाऊन आला होता.

तेवढ्यात भाविकाचा फोन आला. ती रडत असेल म्हणून नानांनी घसा साफ केला.

"नाना, खरं सांगू? मीपन त्या काट्यालेच मत दिधं," ती म्हणाली. "सामान बांधते. परवा येते."

पोरगी घरी येणार, म्हणजे नानांना हवं होतं तेच झालं होतं. पण ज्या निकालात घरचीच मतं फुटली, तो निकाल तिच्यावर लादायचा कुठल्या तोंडाने, हे त्यांना कळेना. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"काही बांधू नको," ते म्हणाले. "ऱ्हाय आजून एक वरीस."

आपलं मत कुठे गेलं, हे त्यांनी सांगितलं नाही. लोकशाहीत मत गुप्त असतं.

शहरातल्या रसिकांचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. त्यांचं एकही मत फुटलं नाही. ज्याला ज्या चित्रकाराने बोलावलं होतं, त्याने त्यालाच मत दिलं. म्हणून वाचकहो, मागच्या प्रदर्शनात तुम्हाला कोणतं चित्र सर्वांत आवडलं, ते इथे विचारण्याचं कारण नाही. कोणाच्या आमंत्रणावरून गेला होतात, तेवढं सांगा.